काठोकाठ भरलेला प्याला

अध्यक्षस्थानी बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, बिश्केकहून आलेले मंचावरचे पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते सुयुनबेक डॉक्टर, त्यांच्या शिष्या गुलझिना डॉक्टर, सगळ्या नर्सताई, आणि माझ्यासारख्या खाटेजवळ बसणाऱ्या आया, सगळ्यांना माझा सलाम.

मी सेयिलची आई, झिनात. दोन रात्री मला झोप नाही, तेव्हा जीभ अडखळली तर समजून घ्या. झोप का नाही ते आधी सांगते. सेयिल दोन वर्षांची आहे. तिचा डावा खुबा खोबणीतून सुटलाय. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. ते सुयुनबेक डॉक्टर करणार असं मी धरून चालले होते. परवा कळलं, ते आज निवृत्त होतायत आणि उद्या सुरी गुलझिना डॉक्टरांकडे असेल. शेजारी गुरू नसताना, पहिल्यांदाच. संमतीचा कागद तेव्हापासून माझ्या उशीखाली होता, बिनसहीचा.

गुलझिना डॉक्टर, राग मानू नका. तुम्ही समोर बसलाय म्हणून मी वेगळं काय सांगू?

खुबा कसा सुटला, तेही सांगते. पोरीला मी पाळण्यात बांधलं, पाय सरळ करून, घट्ट. माझ्या आईने मला तसंच बांधलं होतं. पाय वाकडे होऊ नयेत म्हणूनच बांधतो ना आपण? इथे आले त्या दिवशी सुयुनबेक डॉक्टर म्हणाले, "बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहू द्यायचे, हे तुला कुणीच सांगितलं नाही?" नाही सांगितलं.

तीन आठवडे पोरीच्या पायाला वजन बांधलंय. मी खाटेजवळ बसून असते, त्यामुळे गुलझिना डॉक्टर कशा शिकल्या ते मला दिसतं. सुयुनबेक डॉक्टर जेवणाला जातील तिथे मेंढीच्या कमरेचं हाड मानाने त्यांच्यापुढे येतं. खाऊन झालं की ते हाड, मांडीच्या हाडासकट, रुमालात बांधून इथे आणतात. लोक विचारतात, "कुत्रा पाळलाय का हो?" हे म्हणतात, "शिष्या पाळलीय. ती जास्त खाते." मग या गुलझिना डॉक्टर डोळे मिटून मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत बसवणार, काढणार, परत बसवणार. डोळे किलकिले केले की शेजारून आवाज, "पहिल्यापासून. आत रक्त असतं, तिथे काय दिसणारे तुला?" खोबणी उथळ असली तर वरचं हाड कापून पुढे ओढायचं, घराला छप्पर ओढतात तसं. त्यात किती हाडं फुटली त्याला गणती नाही. सूप मात्र छान व्हायचं.

आमच्या शेजारच्या खाटेवर सालिमा आजी आहे. गुडघा दुखतो म्हणून आली. गुलझिना डॉक्टरांनी दोन आठवडे गुडघाच बघितला. सुयुनबेक डॉक्टरांनी एकदाच पाय फिरवला आणि म्हणाले, "गुडघा नुसता रडतोय. मारणारा वर खुब्यात बसलाय. जा, आजीला सांग." या आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या. "आजी, मी चुकले. दोन आठवडे चुकीचा सांधा बघत बसले." आजी म्हणाली, "बस गं. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं चुका केल्या, एकदा तरी असा येऊन उभा राहिला का?"

आता कालचं. दुपारी चहाच्या वेळी मी सुयुनबेक डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "एक दिवस उशिरा जा. माझ्या पोरीचं करून जा." ते म्हणाले, "आधी चहा तर दे." माझं लक्ष कुठे होतं? प्याला मी काठोकाठ भरला. मानाच्या माणसाला आपण अर्धाच देतो. भरून दिला म्हणजे पी आणि ऊठ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डॉक्टर प्याल्याकडे बघून हसले. "इस्पितळ उद्या निरोप देणार, तू आजच दिलास."

त्यांनी प्याला उचलला आणि चहा मनगटावर सांडला. मला वाटलं, भाजलं. खाली ठेवून परत उचलला, परत सांडला. तेव्हा मला हात दिसला. थरथरत होता.

ते म्हणाले, "वर्ष झालं. अर्ध्या प्याल्यात कळत नाही. तुम्ही सगळे माझा मान ठेवत होतात, त्यात लपून गेलं. नवरोजच्या सणापासून मी सुरी धरली नाही. मी नुसता शेजारी उभा असतो, हात तिचेच असतात. हे उद्या भाषणात सांग. मला सांगवत नाही."

म्हणून सांगितलं.

मी वॉर्डात परत आले आणि गुलझिना डॉक्टरांना विचारलं, "चुकलं तर?" त्यांनी सेयिलच्या पायाचं वजन सारखं केलं. मग म्हणाल्या, "तर मी तुमच्यापुढे येऊन उभी राहीन." पलीकडून सालिमा आजी म्हणाली, "राहते ती. मी बघितलंय."

आज सकाळी सही केली. भीती आहे तशीच आहे.

सुयुनबेक डॉक्टर, तुम्ही गुलझिना डॉक्टरांचे हात तयार केलेत, तुमचे उपकार. मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर पोरीची आई म्हणून पोटात घाला.

भाषणाचा हा कागद मी इथे टेबलावर ठेवते. ज्याच्या हाती लागेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. नाव तालाय, नंबर मागे लिहिलाय. उद्या दुपारी त्याच्या लेकीला पाळण्यात घालणार आहेत, आणि पाळणा तोच, आमच्याकडून गेलेला. मी दोनदा सांगितलं. तो म्हणतो, "आपण सगळे त्यातच वाढलो. तू घाबरट." धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं? उद्या नऊनंतर मी ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलेली असेन, मला बोलता येणार नाही. इस्पितळातून बोलतोय म्हणा. अंग बांध, पाय मोकळे सोड, एवढंच सांगा. बाराच्या आत करा.