आधी यजमानाने चाखायची

(शॅम्पेन मुलुखातल्या एका घरचं वाइनचं तळघर. म्हातारा एव्रार आणि त्याची भाची सोलेन. टेबलावर दोन बाटल्या, नुकत्याच उघडलेल्या.)

एव्रार : ...आणि बुडबुडे बघ कसे बारीक, सुतासारखे वर चढतायत! ही पहिली म्हणजे अस्सल आपल्या घराण्याची. भाजलेला बदाम, लोणी, मागून जरासं लिंबू. त्या व्यापाऱ्याला, देलव्होला, हीच देऊ.

सोलेन : हिचं बूच सडलंय, मामा.

एव्रार : काय?

सोलेन : ओल्या गोणपाटासारखी घाण मारतेय. मला पेला नाकाशी नेववत नाही, आणि तुम्हाला त्यात बदाम सापडले.

एव्रार : मला शिकवतेस? जरा सर्दी झालीय एवढंच.

सोलेन : सर्दी नव्हे. हिवाळ्यातला ताप तुमचं नाक घेऊन गेला. परवा शेगडीवर दूध करपून कोळसा झालं, तुम्ही शेजारी खुशाल पेपर वाचत होतात. तेव्हाच ओळखलं मी.

एव्रार : हळू बोल, बाई! कोणाला सांगितलंस?

सोलेन : अजून नाही.

एव्रार : शहाणी माझी! हे बघ, देलव्हो एवढ्यात येईल. रीत तुला ठाऊक आहे. यजमानाने आधी चाखायची, मगच पाहुण्याच्या पेल्यात ओतायची. मी सडलेली पुढे केली, तर एव्रारची जीभ मेली म्हणून गावभर होईल. मग कुत्रंसुद्धा विचारणार नाही या घराला.

सोलेन : मग आजचा दिवस बघण्यासारखा आहे.

एव्रार : तुझीही चूल याच तळघरावर पेटते, विसरू नकोस.

सोलेन : विझू दे की. दोघं मिळून उपाशी बसू.

एव्रार : असं काय घोडं मारलंय मी तुझं?

सोलेन : माझं नाही, आईचं. स्वतःच्या वाट्याच्या वेलींची पहिली वाइन तिने याच टेबलावर आणून ठेवली. सगळे व्यापारी बसले होते. 'दादा, कशी झालीय?' म्हणाली. तुम्ही घोट घेतलात आणि थुंकलात. म्हणालात, 'व्हिनेगर!'

एव्रार : जुनी गोष्ट झाली ती.

सोलेन : तिची वाइन कोणी घेईना, आणि पुढच्या सुगीला टेकडीवरच्या तिच्या वेली मातीमोलाने तुमच्या झाल्या. आज खरं सांगा. बिघडली होती का ती वाइन?

एव्रार : जाऊ दे ना.

सोलेन : बिघडली होती का?

एव्रार : नाही. माझ्यापेक्षा सरस होती. पहिल्याच घोटाला कळलं मला. धाकटी बहीण, कालची पोर... मत्सराने जळलो मी.

सोलेन : मला इतकी वर्षं वाटायचं, तुमची चूक झाली असेल. चूक मी पोटात घातली असती, मामा. आई मरेपर्यंत स्वतःच्या हातांना दोष देत होती. दवाखान्यातसुद्धा म्हणाली, 'दादाला कळतं त्यातलं. माझ्याच हाताला गुण नाही.'

एव्रार : चुकलो. पाया पडतो तुझ्या. गाडी वाजली बघ! त्याच्यासमोर तूच चाख आज.

सोलेन : मी? मी गाळ बुचाशी यावा म्हणून बाटल्या फिरवणारी. देलव्होसाहेब तुमच्या जिभेसाठी पार लिल शहरातून येतात.

एव्रार : मग मी नवी बाटली उघडतो.

सोलेन : उघडा. ती कशी आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

एव्रार : बरं, ही दुसरी... ही तरी चांगली आहे ना?

सोलेन : चांगली आहे.

एव्रार : खरं सांगतेस? का पहिलीच ठीक होती, आणि तू मला... सोलेन, माझ्याकडे बघून सांग!

सोलेन : भरवसा ठेवा, मामा. आईने तुमच्यावर ठेवला होता.