डब्यावरचं नाव

दुष्काळाच्या त्या वर्षी चहाच्या पुड्यांत कुपनं निघायची. ती साठवून दिली की नगरच्या दुकानात स्टीलचा डबा मिळे आणि त्यावर नावही फुकट घालून देत. रांगेत केडगावच्या दोघी शेजारणी होत्या.

“मालनबाई, सुटा चहा घेनारी तू, एवढी कुपनं आनलीस कुटनं?”

“अख्ख्या आळीत मागत फिरले. इंदूला सासरी जाताना द्यायला डबा पायजे हुता.”

“तरीच माझ्या घरातलं कुपन गायब!”

“छबूबाई, तूच दिलंस की गं हातानं.”

“बरं बाई, दिलं. जावई कवा येतोय न्यायला?”

“दिवाळीला येतो म्हनला हुता.”

“दिवाळी तर हून गेली.”

“काल निरोप आला. दुसरी केली म्हनं त्यानं.”

मालनबाईंचा नंबर आला.

“नाव काय घालू, बाई?” दुकानदाराने विचारलं.

“इंदू.”

“आडनाव सासरचं ना?”

“न्हाई. आमचं घाला, ठुबे. डबा आता आमच्यातच ऱ्हानार.”

“म्हणजे ‘कुमारी’ घालू?”

“न्हाई हो, ‘सौभाग्यवती’ घाला. नवरा जिता हाय तिचा.”