उंबरा नसलेल्या बाईची ओटी

मंडळी, आज आधी एक विचारतो, मग आख्यान. देवाला विचारून माणसानं वाईट काम केलं, तर ते पाप कुणाच्या माथी? विचारणाऱ्याच्या, की होकार देणाऱ्या देवाच्या? — माना खाली घालू नका, मी काही परीक्षा घ्यायला आलेलो नाही. ऐका, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल.

कोकणात समुद्राकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, तिकडचं आहे ना, मग आपल्याला काय! गावाची देवी पावणाई. त्या गावात एक बाई, सुगंधा. तिचा नवरा एका बागाईतदाराच्या आंब्याच्या बागेत राखणीला होता. बागेतच दोन खणांचं घर दिलेलं. तिथं संसार झाला, तिथंच मुलगा झाला, अनंत. पुढं नवरा वारला. मग बाग विकली गेली, आणि बागेबरोबर घरही गेलं. घेणाऱ्याला समुद्र दिसायला हवा होता, अन् मध्ये सुगंधा दिसत होती.

अनंत वायरमन. वादळवाऱ्यात खांबावर चढणारा, कमावता पोरगा. मायलेकांनी भाड्याची खोली घेतली. वर्षभरात खोलीवाला म्हणाला, "काकी, खोली खाली करा, पर्यटकांना द्यायचीय." दुसरी बघितली, तिथंही तेच! गावात पाहुण्याला खोली आहे — पलंग आहे, गरम पाणी आहे, खिडकीला पडदे आहेत — आणि गाववाल्याला नाही. हसताय? हसा. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलोच होतो.

पण सुगंधा खचली नाही. का? तर देवीच्या नावावर गावाबाहेर एक माळ होता. देवस्थानच्या बैठकीत सगळ्यांसमक्ष ठरलं होतं — गावातल्या पंधरा बेघर कुटुंबांना या माळावर घरं बांधायला जागा द्यायची. झालं! बाई रोज संध्याकाळी माळावर जाऊन उभी राहायची. इथं चूल, इथं तुळस, इथं अनंताच्या लग्नाचा मांडव. बघणारे म्हणायचे, वेडी झाली. वेडी नव्हती हो. घर बांधत होती.

आणि मग आले शेठ. माळावरून समुद्र किती छान दिसतो हे शेठना एका दिवसात कळलं. गावानं आजवर तिथं आपली गुरंच बघितली होती. देवस्थानचे अध्यक्ष आबा. शेठ त्यांना म्हणाले, "माळ आम्हाला द्या. आम्ही तिथं बंगले बांधू, तुम्हाला देऊळ बांधून देऊ. सगळं संगमरवरी."

आता आबा माणूस वाईट नव्हता! हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो. आबा म्हणाले, "जमीन देवीची, तर देवीलाच विचारू. कौल लावू."

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. सगळा गाव देवळात जमला. पुजारी जनू गुरव फुलं लावून उभा राहिला. आबांनी शब्द सांगितले तसं त्यानं गाऱ्हाणं घातलं — "आई पावणाई, तुझं देऊळ जुनं झालं, पावसाचं पाणी आत येतं. लेकरं तुला मोठं देऊळ बांधू म्हणतायत. राजी असशील तर उजवं दे."

उजवं पडलं. अहो, कुठली आई लेकराला नको म्हणेल? घंटा वाजल्या, नारळ फुटले.

तेवढ्यात बायकांतून सुगंधा उठली. "जनूदादा, आणखी एक विचार ना. माळ गेला तर आम्ही पंधरा घरांनी राहायचं कुठं, तेवढं विचार."

जनूनं आबांकडं बघितलं. आबा हळू आवाजात म्हणाले, "सुगंधा, देवीनं उजवं दिलं ना? आता परत विचारलं तर तिच्यावर अविश्वास होईल. बस खाली."

आणि ती बसली, मंडळी. भाविक ना! देवीवर अविश्वास नको म्हणून बसली. गावानं पोटभर प्रसाद खाल्ला. पाप कुणाचं म्हणता? देवीला जेवढं विचारलं तेवढ्याचं तिनं उत्तर दिलं. उरलेलं विचारायची सुगंधा सोडून कुणाची छाती झाली नाही, कारण डावं पडेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

देऊळ झालं. बंगले झाले. काय ते बंगले! समोर एवढा समुद्र, अन् अंगणात पोहायचा तलाव. समुद्राला पाणी कमी पडलं होतं का हो? कुत्र्याला वेगळी खोली, गाडीला वेगळी खोली. माणूस मात्र वर्षातून चार दिवस, बाकी कुलूप. पंधरा कुटुंबं पांगली. अनंत आईला घेऊन पनवेलकडं गेला.

आला शिमगा. शिमग्यात देवी स्वतः पालखीत बसून लेकीसुनांच्या दारात जाते. पालखी माळावर चढली, पहिल्या बंगल्याच्या फाटकाशी थांबली. वॉचमन म्हणाला, "साहेब नाहीत. फोन लावतो." फोन कुणी उचलेना. उन्हं तापलेली, पालखी खांद्यावर. देवीच्याच जमिनीवर देवी फाटकाबाहेर उभी!

तिथं सुगंधा आली. पहाटेची एसटी धरून आली होती. हातात ताट — खण, नारळ, तांदूळ. "जनूदादा, ओटी भरू दे."

जनू म्हणाला, "वयनी, ज्याचं दार त्याची ओटी. हे दार त्यांचं. दुसऱ्याच्या दारात तुझी ओटी कशी घेऊ? आपली रीत तुला ठाऊक आहे."

आबा पुढं झाले. "सुगंधा, माझ्या घरी चल. माझ्या उंबऱ्यावर भर."

ती म्हणाली, "तुमच्या उंबऱ्यावर तुमच्या सुनेनं भरायची, आबा. मी या गावची सून आहे, पाहुणी म्हणून कशी भरू?" मग पालखीकडं वळली. "आई, तू यायचीस म्हणून मी वर्षभर अंगण सारवायची. आता मला अंगणच नाही. तू येणार कुठं?"

तिनं लांबूनच डोकं टेकवलं आणि भरलेलं ताट तसंच घेऊन ती एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. आबांनी दोनदा हाक मारली. ती थांबली नाही. पुन्हा कधी त्या गावात आलीही नाही.

पुढं काही चमत्कार झाला असेल म्हणून वाट बघताय? देवीनं शेठला स्वप्नात दटावलं, बंगल्यांची कुलपं गळून पडली? नाही हो. बंगले उभे आहेत. दुसऱ्या माळाची बोलणी चालू आहेत.

आता तुम्हाला विचारतो. तुमच्या गावची कोण कोण पोरं खोली मिळेना म्हणून निघून गेली? मनात नावं घ्या. येतायत ना? आणि ती जाताना आपण काय म्हणालो? "चाललंयच असं सगळीकडं." ग्रामसभेत हात वर करताना आपण शेजाऱ्याच्या हाताकडं बघितलं, शेजाऱ्यानं आपल्याकडं बघितलं, आणि दोघांचेही हात वर गेले. आता देवापुढं तेच हात जोडून बसलोय.

नामाचा गजर रोज घेतो. आज माझं तोंड होत नाही. टाळ खाली ठेवा. बुक्का लावा, आणि घरी जा — ज्यांना घर आहे त्यांनी.