गेम लागेपर्यंत

जुनेल : दिसतंय का आता? ताताय, पडद्याकडे बघा. मी बेटाच्या चित्रावर क्लिक करतो... नाव आलं... लाट आली... आणि हे बघा. गेला. पडदा काळा, डबा गार.

ताताय : वीज गेली का?

जुनेल : वीज कुठली जायला? डोक्यावर पंखा गरगरतोय की.

ताताय : मग बंद करून परत चालू कर.

जुनेल : तो स्वतःच बंद होतोय, मी वेगळा काय करू! सकाळपासून हेच चाललंय. चालू होतो, गाणी लावतो, फोटो दाखवतो, अगदी शहाण्या बाळासारखा. बेट उघड म्हटलं की मान टाकतो.

नानाय : जुना डबा बरा होता. निदान चालत तरी होता.

जुनेल : जुन्यावर गेमची नवी आवृत्ती चालत नव्हती, म्हणून तर हे सगळं बदललं! नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, त्याच्यावर हा एवढा मोठा पंखा.

ताताय : आणि ते सगळं खोक्यात भरून पाठवलं कोणी? मी. आता मीच इथे ताटकळत बसलोय.

(इलोइलो शहरातली रविवारची दुपार. जुनेल, घरचा लाडका तोतो, अर्धा टेबलाखाली शिरलाय. टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवलेल्या मोबाइलातून त्याचा ताताय म्हणजे बाप, उर्बानो, त्याच्याकडे बघतोय. तो मालवाहू जहाजावर आचारी आहे, आणि आत्ता बुसान बंदरातल्या खलाशांच्या क्लबात स्वतःचा लॅपटॉप उघडून बसलाय. नानाय म्हणजे आई, मेर्लिंडा, कपड्यांच्या घड्या घालतेय आणि प्रत्येक घडीमागे एकदा घड्याळ बघतेय. या घरात बापलेकांचं जे काही बोलणं होतं, ते जहाज बंदराला लागलं की होतं, आणि तेही त्या गेममधल्या बेटावर. बिघाड म्हटलं तर यंत्रात झालाय, पण खोळंबलंय सगळं घर.)

नानाय : तोतो, इकडे ये. आपला आवाज बंद कर जरा.

जुनेल : केला. काय आहे?

नानाय : आता सांगून टाक बघू. दोन वाक्यं तर बोलायची आहेत. त्याला गेम कशाला लागते?

जुनेल : नानाय, डोकं खाऊ नकोस. मला असं त्यांच्या तोंडाकडे बघून नाही जमत. बेटावर कसं, ते रताळी लावत असतात, मी कुंपण ठोकत असतो. हात कामात असले की तोंडातून निघतं.

नानाय : आणि नाहीच लागली तुझी गेम, तर? आज रात्री जहाज सुटलं की थेट चिलीपर्यंत पाणीच पाणी. तिथलं नेट म्हणजे ‘जेवलो, बरा आहे’ एवढ्यापुरतं. उद्या अकादमी सुरू होतेय. गल्लीतली सगळी पोरं खलाशाच्या पांढऱ्या गणवेशातले फोटो टाकतील. त्यात तू दिसणार नाहीस. ते त्याला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं चालेल तुला?

जुनेल : म्हणून तर माझी धडपड चाललीये! तू आता मला काम करू दे.

ताताय : अरे, तोंडं हलताहेत दोघांची, ऐकू काहीच येत नाही! लिंडा! हॅलो!

जुनेल : आला, आला आवाज. काही नाही, नानाय पेचकस शोधत होती.

ताताय : तोतो, आमच्या भटारखान्यातला मायक्रोवेव्ह असाच अडून बसायचा. मी बाजूने एक सणसणीत थाप मारली, तेव्हापासून मुकाट चालतोय.

नानाय : थापा मारायच्या तर तुझ्या जहाजावर मार. इथे टेबलाला काच आहे.

जुनेल : थापेचं काम नाही हे. सकाळपासून ड्रायव्हर काढून परत टाकला, गेम काढून परत टाकली, सगळ्या केबली उपटून परत खोचल्या. एकेक मेमरी काढून बघितली. काही म्हणता काही फरक नाही.

ताताय : आणि जहाजावर परत नेणारी व्हॅन तुमच्या घड्याळात पाचला येते. पाच म्हणजे पाच. हा कोरियन ड्रायव्हर थांबत नाही कुणासाठी.

नानाय : तू जेवलास का?

ताताय : भूक नाही.

नानाय : आचारी माणूस, जमिनीवर उतरलाय, आणि भूक नाही? मागे तुझे सोबती एवढा केक कापताहेत, तो दिसतोय मला.

ताताय : खाऊ दे त्यांना. तोतो, झालं का रे?

नानाय : तुला आज एवढी कसली घाई लागलीये? एरवी तर मी दोन तास बडबडते आणि तू नुसतं हुं हुं करतोस.

ताताय : मुलाबरोबर घटकाभर खेळायचंय, त्यात काय एवढं? तोतो, दुसरी कुठली गेम लागते का बघ. पत्त्यांची, मोटारींची, काहीही.

जुनेल : बघितलं. हलकीफुलकी असेल तर लागते. जरा जड दिली की हाच प्रकार. थांबा... म्हणजे कामाचा भार पडला की बसतो. थांबा, थांबा. तापमान दाखवणारं एक आहे माझ्याकडे... हां. आता बेटावर क्लिक करतो आणि आकडा बघतो. साठ... नव्वद... अगं आई गं!

नानाय : काय झालं? भाजलं का?

जुनेल : मला नाही, प्रोसेसरला! शंभरावर गेला. सटकन! जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतोय. बिघडलेला नाहीये, घाबरलाय!

ताताय : मग त्याला वारा घाल.

जुनेल : वारा तर भरपूर आहे, पंखा भणाणतोय. पण हे बघा, पंख्याखालचं हे धातूचं, हे गारच आहे. खाली शंभर आणि वर गार? उष्णता वर पोचतच नाही. उष्णता वर नेणारी पेस्ट मी नीट लावली होती... नानाय, टॉर्च धर. पंखा काढूनच बघतो.

नानाय : परत सगळं उघडणार? चार वाजून गेले!

जुनेल : धर ना सरळ! माझ्या डोळ्यांत नको, आत. एक स्क्रू... दुसरा... हां, सुटला. आता उलटा करतो. पेस्ट तर आहे. मग हे मध्ये काय चमकतंय? प्लास्टिक? हे प्लास्टिक मी काढलं होतं! माझ्या या हातांनी काढलं होतं!

नानाय : काढून वर्तमानपत्रावर टाकलं होतंस. तू शेजारी पेचकस आणायला गेलास ना, तेव्हा मी परत चिकटवलं. एक बुडबुडासुद्धा येऊ दिला नाही.

जुनेल : नानाय!

नानाय : ओरडू नकोस. नवीकोरी वस्तू, तळ असा आरशासारखा लखलखीत. तो काय चरे पडायला उघडा टाकायचा?

जुनेल : अगं, तोच तळ प्रोसेसरला टेकतो! त्याच्यातूनच उष्णता वर जाते. तू मध्ये रेनकोट घातलास त्याला! आणि त्यावर छापलंय चक्क, लाल अक्षरात, काढून टाका म्हणून.

नानाय : ते सगळ्यावरच छापलेलं असतं. सोफ्यावरसुद्धा होतं.

ताताय : लिंडा, सोफ्यावर अजून आहे ते?

नानाय : हस, बानो. हस पोटभर. सोफ्याचं काढलेलं नाही, भाताच्या कुकरचं नाही, रिमोटचं नाही. फ्रिजच्या दाराचंही नाही.

ताताय : अगं, पण कशासाठी?

नानाय : तुझ्यासाठी, आणखी कशासाठी? वर्षातले दहा महिने तिकडे चुलीशी खपतोस आणि एकेक वस्तू खोक्यात भरून पाठवतोस. घरी येतोस दोन महिने. तोवर आम्ही वापरून ती जुनी केली, तर तुझ्या वाट्याला काय? आयुष्यात एक तरी वस्तू तुला नवी मिळावी, असं मला वाटतं. वाटतं मला. यात हसण्यासारखं काय आहे?

ताताय : नाही गं. हसत नाही.

नानाय : मग असा तोंड फिरवून का बसलास?

ताताय : काही नाही. त्या सोफ्यावर बसलं की पाठीला चिकटतं, एवढंच म्हणत होतो.

जुनेल : पेस्ट पुसायला अल्कोहोल द्या कुणीतरी. नानाय, ती देव्हाऱ्याजवळची बाटली. कापूसही दे. नळीत पेस्ट थोडीशीच उरलीये... पुरेल. पुरायला पाहिजे.

नानाय : जारोच्या चर्चमधल्या मातेला मोठी मेणबत्ती लावीन. लागू दे बाई एकदा.

जुनेल : पंखा बसला. स्क्रू आवळतो. आता कुणी मध्ये बोलू नका. चालू... आला. आकडा बघा, चाळीस. बेटावर क्लिक... पन्नास... साठ... साठ... साठच!

ताताय : लागलं?

जुनेल : लागलं, ताताय! या लवकर, मी बंधाऱ्यापाशी आहे.

ताताय : आलो. अरे! पाऊस दिसतोय की! खरोखरचा पाऊस. पानांवरून बघ कसा ओघळतोय.

जुनेल : हेच तर नव्या आवृत्तीत आलंय. तुमच्या रताळ्यांत पाणी साचेल, चर काढा. मी कुंपणाचे खांब घेतो.

ताताय : हां. हा माझा चर. तो तुझा खांब कलतोय बघ.

नानाय : तोतो, साडेचार होऊन गेले.

जुनेल : हो, माहितीये मला. ताताय...

ताताय : बोल. खांब सरळ कर आधी.

जुनेल : उद्या अकादमी सुरू होतेय.

ताताय : मला सांगतोस? कॅप्टनला तुझा फोटो दाखवणार आहे मी. गणवेश खांद्यात बसतो ना नीट?

जुनेल : गणवेश शिवलाच नाही. मी अकादमीत नाव घातलं नाही, ताताय. मुदत संपून गेली. मला जहाजावर नाही जायचं.

नानाय : बानो? ऐकलंस ना?

ताताय : तुला माहीत होतं, लिंडा?

नानाय : होतं.

ताताय : म्हणजे सगळ्या घराला माहीत, मीच तेवढा परका. तोतो, मी त्या कॅप्टनपुढे शब्द टाकलाय. मी कुणापुढे शब्द टाकत नाही, तुला माहितीये. तुझ्यासाठी टाकला. आता काय सांगू त्याला? पोराला समुद्र लागतो म्हणून?

जुनेल : लागत नाही. मला इथे राहायचंय. शेतकी कॉलेजात जागा मिळालीये.

ताताय : शेतकी! हे खोटंनाटं बेट बघून ठरवलंस? इथे क्लिक केलं की रताळं उगवतं. खऱ्या जमिनीत असं नसतं, बाबा.

जुनेल : बेट बघून नाही ठरवलं. माझ्या शाळेच्या निरोप समारंभाला तुम्ही फोनमध्ये होता. लोलो आजोबांना पुरलं, तेव्हा मी तुम्हाला हातात उंच धरून उभा होतो, फोनमध्ये. नानायचं ऑपरेशन झालं, तेव्हाही तुम्ही फोनमध्ये. मला कुणाच्या फोनमध्ये राहायचं नाही, ताताय.

नानाय : बानो, नेट गेलं का?

जुनेल : नाही गेलं. चर खणताहेत ते.

ताताय : फोनमधला माणूस. त्या फोनमधल्या माणसाच्या जिवावर तुमच्या पोटात घास गेला.

नानाय : ते तो कुठे नाकारतोय?

ताताय : तू मध्ये पडू नकोस. मला राग आलाय.

जुनेल : येऊ दे.

ताताय : फार आलाय. आणि बाहेर व्हॅनचा भोंगा वाजतोय. ऐकू येतोय ना?

जुनेल : असे जाऊ नका. तुम्ही असेच गेलात तर चिलीपर्यंत मी काय करू? शिव्या द्या हवं तर.

ताताय : मीसुद्धा सकाळपासून या बेटाचीच वाट बघत होतो. मलाही काही सांगायचं होतं. जहाज बंदराला लागलं तेव्हा कंपनीच्या डॉक्टरने तपासलं. साखर फार वाढलीये. पुढच्या जहाजासाठी त्याने मला पास केलं नाही.

नानाय : काय? बानो, म्हणजे...

ताताय : म्हणजे हे शेवटचं. चिलीत माल उतरवला की विमानात बसवतील. मी उतरेन आणि तोतो चढेल, असं धरून चाललो होतो मी. तपासल्यापासून तेवढ्याच भरवशावर झोप लागली. आलो, आलो! हा ड्रायव्हर ओरडायला लागलाय.

नानाय : आणि ते तू आत्ता सांगतोस? गोळ्या आहेत का तुझ्याकडे? आता रे कसं करायचं आपण?

ताताय : गोळ्या आहेत. घेतो. रडू नकोस, सगळे बघताहेत इकडे.

जुनेल : ताताय, मला काहीतरी बोला. एक तरी शब्द.

ताताय : आत्ता नाही. आत्ता बोललो तर वाईट बोलेन. घरी येऊ दे मला, मग भांडू आपण. घाई नाही, सावकाश भांडू. या वेळी मला परत जायचं नाहीये.