तिच्या वहीतले वडील

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी, पालक आणि मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या माझ्या नववीच्या मुलामुलींनो,

मी कधी भाषण लिहून आणत नाही. आज या निरोपाला आणलं, कारण माझ्या जागी येणाऱ्या बाईंनी काल विचारलं, "तुमच्या कपाटात ही एकच वही का अडकून पडलीय?" त्याचं उत्तर चारचौघांत द्यायला हवं.

तीस वर्षं मी इंग्रजीच्या तासाला अद्भुतकथा शिकवल्या, मुलांकडून लिहूनही घेतल्या. "बाई, राक्षस परीक्षेला येणार का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. माझा नियम एकच: दुसऱ्या जगात गेलेलं माणूस शेवटच्या पानापर्यंत घरी आलं पाहिजे. नाही आलं, तर गुण कापले. कल्पनेलाही शिस्त नको का?

यंदा एका मुलीने गोष्टीत वडिलांना धुक्याच्या देशात पाठवलं. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले, हे मला ठाऊक होतं. तरी मी लाल शाईने लिहिलं: 'अपूर्ण. यांना घरी आणा.' दहापैकी चार.

तिने आणलं. शेवटची ओळ होती, 'पाच वाजता बाबांनी दार वाजवलं.'

आठवड्याने तिची आई शाळेत आली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "रोज पाचला दार वाजतं, बाई. उघडावं तर कुणी नाही, पायपुसणं तेवढं ओलं. पोरगी जेवत नाही, दाराशी बसून असते. तुम्ही बोलावलंत, आता तुम्हीच परत पाठवा."

"अहो, तो गृहपाठ आहे."

"मग खोडा की!"

मी ती ओळ खोडली आणि वही माझ्या कपाटात ठेवून दिली. त्यांचं दार वाजायचं थांबलं. त्या दिवसापासून माझं वाजतं. मी उघडत नाही. उघडून काय सांगू? की तुम्हाला गुणांसाठी बोलावलं होतं?

काल मुलीला म्हटलं, "माझं चुकलं. शेवट तुझा तूच लिही. काय लिहिशील?"

"त्यांना पोचवायला जाईन, बाई. अर्ध्या वाटेपर्यंतच."

"आणि मग?"

"मग घरी येईन. आईला एकटीला घास उतरत नाही."

तिला मी शिकवलं नाही, ते ती शिकली.

आपण सारे शांतपणे ऐकत राहिलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. त्या मुलीची क्षमा मात्र मी वेगळी मागितली आहे.

आता सुपूर्द केल्याची नोंद. नव्या बाईंकडे: कपाटाची किल्ली, तपासलेल्या छत्तीस वह्या. मुलीकडे: तिची वही एक, माझा शेरा रद्द, दिलेले गुणही रद्द, शेवटचं पान कोरं. मिळाल्याची सही मुलीची. साक्षीदार, तिची आई.