सगळ्यांत पातळ ऑइल

हॅमिल्टनच्या स्पेअरपार्टच्या दुकानात रांगेत ताटकळलेल्या वनिताबाईंनी पुढच्या दीर-भावजयीचं मराठी ऐकलं आणि कान टवकारले. तेलासाठी मेला एवढा काथ्याकूट!

“भाऊजी, हेच सगळ्यांत पातळ इंजिन ऑइल ना? उणे दहातही गाडी पहिल्या सेल्फला उठेल?”

“उठेल. पण वहिनी, गाडी आहे कुठे?”

“यांनी पुण्याच्या सवयीनं जाडच ओतलं. तिकडे बर्फात गाडी सुरूच झाली नाही, गारठून गेले हो हे.”

“दादा गेला, गाडी भंगारात गेली. आता ऑइल कुणाला?”

“रोज सकाळी आपल्या रिकाम्या गॅरेजात सेल्फ मारत बसतात. एकदा सुरू झाली की सुटतील बिचारे.”

वनिताबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

“मग गिअर ऑइलही पातळच घ्या, वहिनी. आज गिअरशीही झटत होता दादा. मी ऐकलं.”