आरशातली लाईट

रातच्याला मागनं फुल लाईट मारणाऱ्यांस्नी म्या लई शिव्या द्यायचो. आता देत न्हाय. का, ते ऐका.

मामांचं, म्हंजी सासऱ्याचं, मोतीबिंदूचं आपरेशन करून राजारामपुरीतनं कुरुंदवाडला निघालतो. कार मेव्हण्याची. मागं एक बहाद्दर फुल लाईट लावून चिकटला. आरशात जत्रंची मर्क्युरी पेटल्यागत उजेड, म्होरचं काय दिसंना. उसाच्या ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो. मामांची टोपी काढून आरशावर टांगली, तर साईडच्या आरशातनं डोळ्यात हायच!

डोस्कं सटाकलं. कार आडवी घातली, उतरलो आन् वरडलो, "कुणी बसवली रं असली लाईट? अक्कल गहाण ठेवलीय व्हय त्यानं?"

मागच्या गाडीतनं माझा धाकटा भाऊ खाली उतरला. "दादा, तूच बसवलीस की गेल्या आठवड्यात. म्हणालास, म्होरल्यानं आपसूक वाट सोडली पायजे."

सासूबाईस्नी घिऊन ही माझीच जीप मागनं येत हुती. म्या मागारी कारमधी येऊन बसलो.

काळ्या चष्म्यातनं मामा म्हणाले, "पावणं, माझी टोपी द्या. आन् घरी जायच्या आदी ती अक्कल तेवढी सोडवून घिऊया."